पाच बटणांची प्रार्थना

ओले हात टॉवेलला पुसत मावशी दाराशी आली आणि तिथेच थबकली. आतून दोन आवाज येत होते, एक बारीक आणि एक जाडसर. दोघे आळीपाळीने संध्याकाळच्या प्रार्थनेच्या ओळी म्हणत होते. खोलीत मूल मात्र एकच होतं.

चिमणी भिंतीकडे तोंड करून बसली होती. हात जोडलेले, डोळे घट्ट मिटलेले. एक ओळ ती स्वतःच्या आवाजात म्हणे, मग हनुवटी गळ्याशी रुतवून पुढची ओळ भावाच्या आवाजात काढे. भिंतीपलीकडे तिचे वडील चार दुकानांच्या जमाखर्चात मान घालून बसले होते. त्यांच्या कानावर दोन मुलांची प्रार्थना पडत होती, आणि आपल्या घरात देवाचं नाव वेळेवर घेतलं जातं याचं समाधान त्यांच्या टाइपरायटरसारख्या खोकल्यातूनसुद्धा कळत होतं. थोरला मागच्या पायरीवर बसून निवांतपणे पेन्सिलीला टोक करत होता.

प्रार्थना संपली. चिमणीने दोन्ही आवाजांत नमस्कार केला आणि वळली, तर दारात मावशी.

"हा काय प्रकार आहे गं?"

"दादाची पण मीच म्हणते," चिमणी म्हणाली. "एका बटणात."

"आणि त्याला किती मिळतात?"

"बाबा दोन देतात. एक त्याला उरतं."

"बसल्या जागी."

"तो म्हणतो, ह्यालाच धंदा म्हणतात."

मावशीने टॉवेल खांद्यावर टाकला. "बरं. म्हणतेस तू, बटण घेतो तो. मग ती प्रार्थना कुणाची झाली?"

"दादाची. त्याने विकत घेतली ना." एवढं साधं हिला कळू नये, अशा नजरेने चिमणीने मावशीकडे पाहिलं. "विकलेली वस्तू आपली राहत नाही."

मावशीला हसू यायला हवं होतं. पण तिच्या ओठाचा डावा कोपरा तेवढा वर गेला. या घरात पाऊल ठेवल्यापासून तो कोपरा सारखा असाच उपहासाने वर जात होता.

ती आली होती धाकट्या बहिणीसाठी. बहिणीच्या पोटात गाठ निघाली होती, आणि ती काढण्याआधी रक्त भरायला डॉक्टरांनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. मावशीने शिवणाच्या दुकानाला कुलूप लावलं, गिऱ्हाइकांच्या शिव्या पदरात घेतल्या आणि एक पिशवी घेऊन इथे हजर झाली. मुलं सांभाळायला माणूस हवं होतं. कारण ही मुलं शाळेत जात नसत. शाळेत मुलांना रांगेत उभं राहायला तेवढं शिकवतात, असं त्यांच्या वडिलांचं मत होतं. म्हणून ते घरीच शिकत. आई वाचायला-लिहायला आणि गायला शिकवायची. व्यवहार आणि देव ही दोन खाती वडिलांनी स्वतःकडे ठेवली होती.

ती दोन खाती त्यांनी एकाच फळ्यावर मांडली होती. फळा जेवणघरात, पाण्याच्या माठाच्या वर. अक्षर असं, की मुंगीने रांग धरावी. अंथरूण काढणे, एक बटण. प्रार्थना, दोन. भांडी घासणे, तीन. प्रार्थनेत पेंगल्यास एक दंड. नवी प्रार्थना पाठ केल्यास चार, मात्र चूक निघाल्यास दोन परत. महिनाअखेर बटणं जमा केली, की त्यांची नाणी मिळत.

पहिल्या दिवशी मावशीने तो फळा वरपासून खालपर्यंत वाचला होता.

"म्हणजे भाऊजी, देव भांड्यांपेक्षा स्वस्त," ती म्हणाली होती.

"भांड्यांना कष्ट जास्त पडतात, ताई," भाऊजींनी वहीतून मान न काढता उत्तर दिलं होतं. त्यांना ते टोमणा म्हणून कळलंच नव्हतं. जगात अशी माणसं असतात, की त्यांना सुई टोचली तर ती सुई सरळ आहे की वाकडी ते पाहतात.

आणि यातली मोठी मौज म्हणजे बटणं तिचीच होती. दुकानातली उरलीसुरली, जोडी न जमलेली. मुलांना रांगोळ्यांसारखी मांडून खेळायला होतील म्हणून तिनेच एका डब्यात भरून पाठवली होती. त्या डब्यावर आता कागद चिकटवलेला होता, 'पेढी'. पेढीची अवस्था काही बरी नव्हती. थोरल्याने बहिणीला व्याजाने बटणं देऊन, तिच्याकडून प्रार्थना म्हणवून, तिच्याकडून भांडी ठोक दराने घासून घेऊन सगळा माल स्वतःच्या बरणीत ओढला होता. डबा हलवला तर तळाशी दोन-चार बटणं खुळखुळत.

"पेढी बुडायला आली हो तुमची," मावशीने सुनावलं.

"चलन एका हातात अडकलंय," भाऊजी गंभीरपणे म्हणाले. "तेही शिकायला हवंच त्यांना."

मावशीला या माणसाकडे बघितलं की शिवणीत आलेल्या सुरकुतीची आठवण होई. उसवावं की वरून इस्त्री फिरवावी, कळत नाही. तिच्या बहिणीने यात काय पाहिलं, हा प्रश्न तिला लग्नाच्या दिवशी पडला होता. तो आजवर तसाच होता.

तिचा स्वतःचा देव काही फळ्यावरचा नव्हता. आठवड्यातून एकदा ती दुकान लवकर बंद करायची आणि गाऊन प्रवचन सांगणाऱ्या म्हाताऱ्या बाबांच्या पुढ्यात पहिल्या रांगेत जाऊन बसायची. त्यांचा आवाज फाटला होता, दात पडले होते, पण गोष्ट रंगात आली की ते ओळ उचलायचे आणि सगळी सभा ती ओळ झेलायची. एका ठरावीक गोष्टीत एका ठरावीक जागी मावशी दर वेळी रडे. पुढे काय होणार ते माहीत असूनही रडे, किंबहुना माहीत असल्यामुळेच रडे. निघताना तिला हलकं वाटे, जन्मभराचं शिवण कुणी हातावेगळं केल्यासारखं. असं काही या मुलांच्या वाट्याला यावं म्हणून तिने दुसऱ्या संध्याकाळी त्यांना जवळ घेतलं आणि ती गोष्ट गाऊन सांगितली. नदीला पूर आलेला, पैलतीरावर आजारी मूल, आणि नावाडी म्हणतो, आज भाडं नको, आज देव बसलाय नावेत. 

गोष्ट संपल्यावर थोरल्याने विचारलं, "मावशी, ऐकण्याचे किती?"

मावशीने त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं, की तो उठून पाणी प्यायला गेला.

 थोड्या वेळाने मावशीला चिमणी कुठे दिसेना. शोधता शोधता ती स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली सापडली. लांब टेबलक्लॉथच्या आत, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. मावशीने तिला पायाला धरून बाहेर ओढलं.

"मांजर आहेस का? आई तिकडे पडलीये आणि हिला लपाछपी सुचतेय."

चिमणीने फ्रॉक झटकला आणि भांडी घासायला गेली. त्याच्या तीन बटणांतलं एक दादाचं व्याज होतं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भाऊजी दवाखान्यातून आले ते तडक आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा त्यांनी जेवणाचं टेबल स्वच्छ पुसलं. त्यावर बटणांच्या दोन ढिगुल्या मांडल्या. मोठी, तपकिरी, चकाकणारी. प्रत्येक ढिगुलीत पाच. नुसतं बोटाने चाचपून बटण सांगणारी मावशी त्या बटणांकडे एकदाही बघेना. तिला फक्त मांडणी दिसत होती. मिठाईवाला पेढे मांडतो तशी.

"उद्या आईचं ऑपरेशन आहे," भाऊजी म्हणाले. "आज वेगळी प्रार्थना. ज्याची त्याने, आपल्या शब्दांत. मनापासून. प्रत्येकी पाच. आगाऊ."

"आणि वरवरच्याला?" मावशीने विचारलं. "वरवरच्याला तीन का?"

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. 

थोरला पुढे सरला. त्याने डोळे मिटले आणि अशी प्रार्थना म्हटली, की म्हाताऱ्या बाबांनाही मागे सारावं. डॉक्टरांचे हात, आईचं हसू, घराचा दिवा, सगळं होतं त्यात. कुठे थांबावं, कुठे आवाज खाली आणावा, सगळं बरोबर. संपल्यावर त्याने पाच बटणं ओंजळीत घेतली आणि त्यांचा आवाज ऐकला.

"चिमणे, तुझी पाळी."

चिमणी समोरच्या ढिगुलीकडे बघत राहिली.

"येत नाहीये का?"

"येतीये."

"मग?"

तिने ओठ आत ओढून घेतले. 

"चिमणे, ही पाच जातील. शिवाय न म्हटल्याचा दंड दोन. नियम तो नियम."

चिमणी उठली. उशीखालची आपली पिशवी आणली, त्यातलं सगळं टेबलावर ओतलं. सगळं म्हणजे तीन बटणं. त्यातली दोन तिने वडिलांकडे सरकवली, तिसरं पिशवीत टाकलं आणि झोपायला निघून गेली.

मावशीचे शब्द धारदार निघाले. "पाहिलंत? सख्ख्या आईसाठी पोरीच्या तोंडून दोन शब्द फुटेनात. पोरगा विकतो, पोरगी तेवढंही करत नाही. छान पीक आलंय तुमच्या शेतीला. गोफणी घेऊन राखत बसा आता."

भाऊजींनी उरलेली पाच बटणं मुठीत घेतली.  मग त्यांनी मूठ खिशात घातली आणि ते आतल्या खोलीत गेले.

सकाळी ते निघाले तेव्हा अजून नीट उजाडलं नव्हतं. बाहेर गार होतं. कोट त्यांनी छातीशी एका हाताने आवळून धरला होता, भाजीची पिशवी धरावी तसा. मावशीने दारातून पाहिलं आणि मनात म्हणाली, बायको ऑपरेशनच्या टेबलावर जायची आहे आणि याला कोट नीट लावायचंसुद्धा भान नाही. म्हणे व्यवहार शिकवतो.

दार लावून ती स्वयंपाकघरात आली. चुलीवर दूध ठेवलं. मुलं झोपलेली होती, घरात कुणाचा डोळा नव्हता, आणि आता मावशीचे गुडघे आपोआप वाकले. तिने हात जोडले. जोडताना डाव्या हातातली अंगठी उजव्या तळव्याला टोचली. ती दोघी बहिणींच्या आईची अंगठी होती, जाड, जुन्या घडणीची.

"देवा," ती पुटपुटली, "हिला सुखरूप घरी आण. हिला काही होऊ देऊ नकोस. ही अंगठी, आईची अंगठी, तुझ्या दारात आणून ठेवीन. माझ्याकडे दुसरं काही नाही. एवढं कर. आणून ठेवीन."

टेबलक्लॉथ हलला. खालून चिमणीचं डोकं बाहेर आलं.

"मावशी, पण ती अंगठी निघत नाही ना?"

मावशी दचकली. "तू इथे काय करतेस?"

"परवा भांडी घासताना तूच म्हणालीस. आता बोट कापलं तरच निघेल म्हणून."

"मोठ्यांचं बोलणं ऐकू नये."

"जे देता येत नाही ते तारण ठेवता येत नाही." चिमणी पूर्ण बाहेर आली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, धडा म्हणून दाखवताना असतो तसा तो साधा होता. "आणि तू ती कधी देणार? आधी का नंतर?"

"नंतर."

"म्हणजे काम झालं तर."

मावशी गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"बाबा आधी देतात," चिमणी म्हणाली.

दूध वर आलं. मावशीने ते उतरवायला घेतलं तोवर थोडं उतू गेलंच. जळक्या दुधाचा वास घरभर झाला. तिने फडकं घेतलं, पुसायला लागली, आणि पुसता पुसताच, पाठ फिरवून, चांगलं कडक उत्तर द्यायचं म्हणून म्हणाली, "फार कळतं तुला. काल मग तोंड का शिवलं होतंस? आईसाठी पाच बटणंसुद्धा कमी पडली?"

"म्हटली असती तर ती बाबांची झाली असती."

मावशीचा हात फडक्यावरच थांबला.

"पाच ठेवली होती ना त्यांनी," चिमणी सांगू लागली. "घेतली की विकली. मग देवाला वाटलं असतं, ही बाबांनी पाठवली. दादाचीही तशीच आहे. सगळ्या त्यांच्याच गेल्या असत्या. मला माझी ठेवायची होती."

"मग तू म्हटलीच नाहीस?"

"म्हणते की. रोज. आई दवाखान्यात गेली तेव्हापासून."

"कुठे?"

चिमणीने टेबलाकडे बोट केलं. "मनातल्या मनात. आवाज केला तर दादा दर सांगतो."

मावशीने फडकं पिळलं. ते कोरडं झालं तरी पिळतच राहिली. मग ती मोरीपाशी गेली, बोटाला साबण लावला आणि अंगठी फिरवायला लागली. पाण्याखाली धरून, पेरावर दाबून, दात ओठात रोवून. बोट लाल झालं, मग जांभळं. अंगठी पेरापर्यंत यायची आणि तिथे बसायची.

चिमणी शेजारी उभी राहून बघत होती. "राहू दे गं मावशी," ती म्हणाली. "देव काही वसुलीला येत नाही."

मावशीने नळ बंद केला.

फोन वाजला तेव्हा उन्हं पायरीवर आली होती. फोन भाऊजींचा होता. ते म्हणाले, "ताई, झालं. गाठ निघाली. साधी होती. ती बोलली माझ्याशी." आणि मग, जणू हेही कळवणं भाग होतं, "मुलांनी नीट जेवायला हवं, असं म्हणाली."

मावशीने मुलांना सांगितलं. थोरला उडी मारून म्हणाला, "म्हणजे माझी प्रार्थना लागू पडली."  चिमणी टेबलाखाली गेली, थोडा वेळ तिथे बसली आणि बाहेर येऊन भांड्यांना भिडली. या वेळी मावशीने तिला कुठूनही ओढलं नाही. फळ्याकडे बघायचं मात्र तिने टाळलं.

भाऊजी दुपारी आले. मुलं त्यांना बिलगली, आणि दोघांना उचलायला त्यांनी हात सोडले तसा कोट उघडा पडला. मावशीची नजर समोरच्या काठावर गेली, तिथून बाह्यांवर गेली. कोट कपाटातला सर्वांत चांगला, बहिणीने लग्नाला शिवून घेतलेला. मावशीनेच शिवलेला. समोर चार, बाह्यांना तीन-तीन. आता त्यावर एकही बटण नव्हतं. बटण तुटलं की दोरा लोंबतो. इथे दोऱ्यांची टोकं सरळ होती, पात्याने जपून कापलेली, कापडाला चरा पडू न देता.

 या माणसाला अक्कल नाही ती नाहीच, मावशी मनाशी म्हणाली. बुडत्या पेढीला कुणी स्वतःच्या अंगावरून भांडवल काढून देतं का. पण ओठाचा कोपरा वर न्यायचं तिला जमलं नाही.

"तो काढा," ती म्हणाली.

"अं? कोट होय? राहू द्या ताई, नंतर बघू, आत्ता..."

"काढा म्हणते ना. थंडी आहे. परत जायचंय तुम्हाला संध्याकाळी तिच्याकडे. अशा अवतारात बघून ती पुन्हा आजारी पडेल."

भाऊजींनी कोट काढून दिला. मग खिशातून मूठ काढली आणि टेबलावर उघडली. पाच तपकिरी बटणं.

"तुझी बरणी आण रे," मावशीने थोरल्याला सांगितलं. "उरलेली पाच तिच्यात आहेत."

थोरला वडिलांकडे बघायला लागला. "पण ती मी कमावलीत."

"कमावलीत खरी," भाऊजी म्हणाले. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. काय सांगावं ते त्यांना सुचेना. तसं प्रथमच मावशीने त्यांना पाहिलं.

थोरला बरणी घेऊन आला. झाकणावर हात ठेवून उभा राहिला. मग झाकण काढलं, मोठी पाच वेचून मावशीच्या मांडीवर ठेवली आणि "परत करताना सहा," असं म्हणायला तोंड उघडलं. बहिणीने त्याच्याकडे पाहिलं. ते तोंड तसंच मिटलं.

मावशी खिडकीपाशी उजेडाला बसली. पिशवीतली सुई काढली, तपकिरी दोरा घेतला, टोक ओठांत ओलं केलं. दोरा नेढ्यात जाईना. आयुष्य दोरा ओवण्यात गेलं तिचं, अंधारातसुद्धा ओवायची ती, आणि आता दोरा नेढ्याच्या या बाजूने जाई, त्या बाजूने जाई. सुजलेलं बोट आडवं येत होतं. डोळ्यांसमोर धूसर होतं. तिने दोनदा पापण्या मिटल्या.

चिमणी आली, मावशीच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवून परत दिला आणि तशीच भांड्यांकडे गेली. याचे किती, ते ती काही बोलली नाही.